आम्ही तसल्याच

आमच्या आळीत एक नर्सबाई राहायच्या. दुपारची पाळी संपवून शेवटच्या एसटीनं रात्री अकराला उतरायच्या आणि स्टँडपासून घरापर्यंत एकट्या चालत यायच्या. कधी कुणी सायकलवरून सोडायला आलं, की दुसऱ्या दिवशी नळावर तोच विषय. मी तेव्हा सहावीत होते. एकदा त्यांच्या ओट्यावर पेरू खात बसलेली आईला दिसले. तिनं हाक मारली नाही. स्वतः आली, दंडाला धरून घरी घेऊन गेली आणि स्वयंपाकघरात आवाज खाली आणून म्हणाली, ‘परत तिच्याकडे जायचं नाही. ती तसली बाई आहे.’

तसली म्हणजे कसली, हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, एवढं आईच्या आवाजावरून कळलं होतं. मी तापानं फणफणले होते तेव्हा ड्युटीवरून आल्या पावली येऊन, माझ्या उशाशी रात्र काढून गेल्या होत्या त्या. पण त्या दिवसानंतर त्या समोरून आल्या की मी मान खाली घालू लागले.

या आरोपासाठी आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. छिनाल, रांड, बाजारबसवी, उठवळ, चवचाल, टवळी, सटवी, भटकभवानी. काही शब्द तर देवघरातून उचललेले. भवानी तुळजापुरात आई आणि नळावर शिवी. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री बाळाचं नशीब लिहिते म्हणतात, तिची आपण सटवी केली. आणि ‘रांड’ या एका शब्दात नवरा मेलेली आणि बाजारात बसलेली अशा दोघींना एकत्र कोंबलं. बाईवरचा धनी गेला की ती कुणाचीही, हे आपल्या पूर्वजांनी एका शब्दात ठरवून टाकलं.

पांढरपेशा घरांत यातला एकही शब्द उच्चारत नाहीत. तिथे ‘तसली’ पुरतं. हा शब्द मला बाकी सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त विषारी वाटतो. शिवीला निदान अर्थ असतो, तिच्याशी भांडता येतं. ‘तसली’ला स्वतःचा अर्थच नाही. ऐकणाऱ्यानं आपल्या मनातली घाण त्यात ओतायची आणि बोलणाऱ्याचं तोंड स्वच्छ राहायचं.

पुरुषाकडे वळलं की हीच भाषा मऊ होते. तो रंगेल, शौकीन, छंदीफंदी. फार झालं तर बाहेरख्याली. त्याला नाद असतो, जसा एखाद्याला पत्त्यांचा असतो. त्याच्याबद्दल घरातली म्हातारी सांगते, ‘पुरुषाचं काय, चालायचंच.’ क्रियापद तेच आहे, बायांनो. त्याचं ‘चालायचंच’, आणि आपण ‘चालू’.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही. मी तेविशीची होते, पहिली नोकरी होती. कामासाठी एका सहकाऱ्याबरोबर दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. परत आले तर ऑफिसात माझ्या नावाची कुजबुज सुरू झालेली. डब्याच्या टेबलावर मी गेले की बोलणं थांबायचं. आठवडाभर सहन केलं, मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन रडले आणि म्हणाले, ‘सर, मी तशी मुलगी नाही हो.’ ते म्हणाले, ‘माहितीये आम्हाला, तू चांगल्या घरची आहेस. आता तिच्याबद्दल कुणी म्हणालं असतं तर गोष्ट वेगळी.’ आणि त्यांनी काचेतून बाहेर एका टेबलाकडे नजर टाकली. तिथे नवऱ्याला सोडून आलेली, एकटी खोली घेऊन राहणारी आमची एक सहकारी मान खाली घालून काम करत होती. मी डोळे पुसले. मला सुटल्यासारखं वाटलं. मी मान डोलावली.

ते मान डोलावणं मी आजवर विसरलेले नाही. माझ्यावर आलेला दगड मी उचलून तिच्याकडे भिरकावला होता. तिच्या पाठीमागे, तिनं काहीही केलेलं नसताना.

‘मी तशी नाही’ हे वाक्य आपण प्रत्येकीनं कधी ना कधी म्हटलेलं आहे. सासूला, नवऱ्याला, घरमालकाला, हॉस्टेलच्या रेक्टरला, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला. ते म्हणताना आपण शिक्का मारणाऱ्याचा हात धरत नाही. आपण त्याला सांगतो, शिक्का बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला. तशा बायका असतात, त्यांना बोललं तर चालतं, त्यांना हात लावला तर ओरडायचं कारण नाही, मी मात्र त्यांच्यातली नाही. गावानं मांडलेला बाजार आपल्या याच वाक्यावर चालतो. ज्या दिवशी हे वाक्य म्हणायला कुणी उरणार नाही, त्या दिवशी ‘तसली’ या शब्दात ओतायला काही उरणार नाही.

हा शब्द नुसता हवेत विरत नाही, म्हणून एवढं जीव तोडून सांगते आहे. महाभारतातली सभा आठवा. द्रौपदीला केसांना धरून आणलं आहे. विकर्ण तिच्या बाजूनं उभा राहतो, आणि त्याला उत्तर द्यायला कर्ण उठतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की बाईला एक नवरा असतो, हिला पाच आहेत, म्हणजे ही बंधकी, म्हणजे वेश्या. मग हिला सभेत आणलं काय आणि हिच्या अंगावर वस्त्र असलं काय नि नसलं काय! एवढं बोलून झाल्यावर तो दुःशासनाला वस्त्र ओढायला सांगतो. आधी शब्द, मग हात. शब्दानं वाट करून दिल्याशिवाय भरल्या सभेत तो हात उठला नसता.

आणि ही काही केवळ पुराणातली गोष्ट नाही. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आजचा गडचिरोली. मजुरी करणाऱ्या एका कोवळ्या आदिवासी मुलीला तिच्या भावाच्याच तक्रारीवरून पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेतलं, आणि ठाण्याच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाला, असा आरोप दोन पोलिसांवर ठेवला गेला. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांना सोडून दिलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असं निकालात म्हटलं गेलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला आणि भीतीनं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे बजावलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याची खूण नाही, हे कारण. ‘मथुरा खटला’ म्हणून तो ओळखला जातो. एक मुलगी लग्नाआधी कुणाच्या तरी प्रेमात होती, एवढ्यावरून ठाण्याच्या बंद दाराआड तिच्याशी जे झालं ते तिच्या मर्जीनं झालं, असं सिद्ध होऊ शकलं. गावातल्या नळावरचा शब्द न्यायालयाच्या कागदावर चढला, तो असा.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पण तक्रार करणाऱ्या बाईचं चारित्र्यच मुळात वाईट आहे, असं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा देणारं कलम १८७२ च्या साक्ष कायद्यात होतं, ते निघायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे पाहणारी दोन बोटांची अघोरी तपासणी बंद करा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावं लागलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये याच न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. बाईच्या चारित्र्यावर शिक्का मारणाऱ्या शब्दांची यादी करून त्यांतल्या कितीतरी शब्दांसमोर एकच पर्यायी शब्द लिहिला, स्त्री. तसल्या आणि चांगल्या असा भेद नसलेली, नुसती स्त्री. एवढ्यावर यायला देसाईगंजच्या त्या रात्रीपासून एक्कावन्न वर्षं गेली.

मग उत्तर काय द्यायचं? जगात आणि आपल्याकडे बायकांनी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं दिलं आहे.

जानेवारी २०११ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात एका पोलिसानं विद्यार्थ्यांना सुरक्षेचे धडे देताना सांगितलं, की अत्याचार टाळायचा तर बायकांनी छिनाल बायांसारखे कपडे घालू नयेत. ३ एप्रिलला तिथल्या बायका तीच इंग्रजी शिवी फलकांवर रंगवून पोलीस मुख्यालयावर चालत गेल्या. त्या वर्षी अशा मोर्चांची लाट कितीतरी देशांत गेली. ३१ जुलैला दिल्लीत जंतरमंतरला मोर्चा निघाला, तेव्हा आपल्या मुलींनी त्याला स्वतःचं नाव दिलं, बेशर्मी मोर्चा. इंग्रजी शिवीपेक्षा ‘बेशरम’ हा शब्द इथल्या प्रत्येक मुलीनं लहानपणापासून ऐकलेला आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पण हे शहाणपण आपल्याला टोरांटोहून मागवायची गरज नव्हती. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई. तिच्या नावावरच्या एका अभंगात ती पदराची पर्वा टाकून चारचौघांतून विठ्ठलाकडे निघते आणि लोक जो शब्द तोंडावर मारतील तो आधीच स्वतःकडे घेते. वेश्येसाठीचा शब्द. देवासमोर उभी राहून, ताठ मानेनं. सातशे वर्षांमागे. वारीत तो अभंग आजही मोकळ्या गळ्यानं गातात आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. संतिणीच्या तोंडून ऐकताना जो शब्द आपल्याला पवित्र वाटतो, तो घरातली लेक बोलली तर आपण तिचं तोंड का दाबतो, याचा विचार करायला हवा.

आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेकडच्या एका विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. पण पुण्याच्या वर्तमानपत्रांना निमित्त मिळालं. बायकांची जातच कशी वाईट, यावर रकाने भरू लागले. त्या मुलाला बाप होता की नाही, हे कुणी विचारलं नाही. ताराबाईंनी विचारलं. १८८२ साली त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापून आलं. बायकांवर ठेवलेला एकेक दोष त्यांनी हातात घेतला आणि पुरुषांच्या पदरात मोजून टाकला. आम्ही निर्दोष आहोत हो, अशी विनवणी त्यात कुठे नाही. त्यांनी वकिलाच्या नाही, फिर्यादीच्या जागेवरून लिहिलं. चहूबाजूंनी चिखल उडाला तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते उभे राहणारच होते, कारण १८६३ सालीच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात अशा विधवांसाठी बाळंतपणाची जागा काढली होती. तिथे येणाऱ्या बाईला ‘तू तशी आहेस का’ हा प्रश्न नव्हता. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या जोडप्यानं दत्तक घेतलं आणि यशवंत नाव ठेवून डॉक्टर केलं.

ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिलं नाही. जवळजवळ शंभर वर्षं त्यांचं ते एक पुस्तकही विस्मरणात गेलं होतं, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. पंधरा-वीस पुस्तकं लिहू शकली असती अशी एक बाई आपण एका पुस्तकात गप्प केली, हा विचार आला की मला अजूनही झोप लागत नाही.

सांगलीचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तिथे हा शब्द पोटापाण्याशी जोडलेला आहे. १९९६ साली तिथल्या धंदा करणाऱ्या बायका एकत्र आल्या आणि संघटनेचं नाव ठेवलं, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. कुणी तरी सुचवलं असेलच की दुसरं सोज्वळ नाव घ्या. त्यांनी नावातला पहिला शब्दच तो ठेवला. एड्सच्या काळात वस्तीत कंडोम वाटणाऱ्या याच बायका होत्या. छाप्यांच्या नावाखाली दारं फोडून आत येणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, आम्हाला वाचवायला येणाऱ्यांपासून आधी वाचवा. पोलिसांनी या बायकांशी माणसासारखं वागावं, शिवीगाळ करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला १९ मे २०२२ च्या आदेशात लिहावं लागलं. सांगलीच्या बायका ते पंचवीस वर्षं तोंडानं सांगत होत्या.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. २०११ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी टोरांटोपासून सुरू झालेल्या त्या मोर्चांना खुलं पत्र लिहिलं. गुलामीच्या काळापासून हा शब्द आमच्या कातडीवर गोंदलेला आहे, तो खेळकरपणे मिरवणं आम्हाला परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे हे दुःख जास्तच खोल आहे. खंडोबाला वाहिलेली मुरळी, यल्लम्माला सोडलेली जोगतीण, गोव्याच्या देवळातली भावीण, तमाशाच्या फडावरची नाचणारी, यांच्यावर हा शिक्का त्यांच्या वागण्यामुळे पडलेला नाही. तो जातीनं, जन्माआधीच, गावानं ठरवून मारलेला आहे. १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकर अशाच बायकांशी बोलले आणि हे जिणं सोडा, असं त्यांनी कळवळून सांगितलं. गोव्यातल्या कलावंत-भाविणींच्या लेकरांनी जुनी नावं मागे टाकून ‘गोमंतक मराठा समाज’ असं स्वतःचं नवं नाव घेतलं. तो मार्गही लढ्याचाच होता. ज्यांच्या अंगावर तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला त्यांनी तो फेकून द्यावा, जाळून टाकावा, त्यांना हवं ते नाव घ्यावं. त्यांना ‘हा शब्द मिरवा’ असं सांगणारी मी कोण?

म्हणून माझी हाक आधी त्यांना आहे, ज्यांचा पदर आजवर सुरक्षित राहिला. माझ्यासारख्यांना. आपल्याला कमीत कमी किंमत मोजावी लागेल, म्हणून आपण आधी बोलायचं. पहिली उभी राहायची वेळ सांगलीच्या बाईची किंवा देसाईगंजच्या मुलीची नाही. ती सोसायटीच्या चेअरमनबाईंची आहे, प्राध्यापक बाईंची आहे, सरपंच ताईंची आहे. ‘चांगल्या घरच्या’ आपण सगळ्याजणींची आहे.

आणि हेही स्पष्ट बोलू. हा लढा फक्त खोटा आळ आलेल्या बायकांचा नाही. खोट्या आळाचं आपल्याला कसं वाईट वाटतं! पण जिनं खरोखरच नवरा सोडून दुसऱ्यावर प्रेम केलं, जी लग्नाशिवाय राहते, जिच्या आयुष्यात एकापेक्षा जास्त पुरुष आले, जिला स्वतःच्या शरीराचं सुख हवं आहे आणि ती ते लपवत नाही, तिचं काय? तिचाही हिशोब मागायचा अधिकार कुणाला नाही. तिनं कुणाला फसवलं असेल तर त्याला फसवणूक म्हणा, जशी पुरुषानं केली तरी म्हणाल. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून हेच लिहीत होते, की बाईला कामसुखाचा तितकाच हक्क आहे जितका पुरुषाला. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यातल्या एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र खुद्द आंबेडकरांनी घेतलं. ते लिहिणं सुरू झालं त्याला शंभर वर्षं होत आली. आपण अजून किती दबक्या आवाजात बोलायचं?

माहूरच्या रेणुकेची कथा आपल्या घराघरात सांगतात. नदीवर क्षणभर तिची नजर एका गंधर्वावर रेंगाळली, मन चळलं, आणि नवऱ्याच्या आज्ञेनं लेकानं, परशुरामानं, तिचं शीर उडवलं. एका नजरेसाठी. आणि आज माहूरगडावर लाखो माणसं त्याच मुखवट्यापुढे डोकं टेकवतात. ज्या नजरेसाठी आपल्या देवीचं शीर गेलं, तीच नजर आपल्या लेकीच्या डोळ्यांत दिसली तर आपण परशुराम व्हायचं की तिच्या पुढ्यात उभं राहायचं?

उठा, बायांनो. मी तुम्हाला शिव्या अंगावर रंगवून चौकात या म्हणत नाही. ज्यांना तसं यायचं आहे त्यांनी यावं, मी त्यांच्याबरोबर चालेन. मी त्याहून अवघड मागते आहे. ‘मी तशी नाही’ हे वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही. कुणी विचारलं, ‘तू तशी आहेस का?’ तर उत्तर द्यायचंच नाही, उलट विचारायचं, ‘आणि असले तर?’ डब्याच्या टेबलावर कुणाचं नाव निघालं की तिथल्या तिथे म्हणायचं, ‘मग मीही तसलीच.’ वर्गात एका मुलीच्या नावानं फळ्यावर काही लिहिलं गेलं, तर बाकीच्या मुलींनी तिच्या शेजारी आपापली नावं लिहावीत, फळा भरेपर्यंत. मोबाइलवर कुणाचा फोटो फिरू लागला, तर तो पुढे पाठवणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यावं, फोटोतल्या मुलीचं नाही. बाईचा शब्दानं किंवा हावभावानं अपमान करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं ७९ वं कलम त्यासाठीच आहे. तक्रार द्यायला तिच्याबरोबर ठाण्यात दहाजणी जा. आणि पुरुषांनो, तुमच्या मित्रांच्या घोळक्यात हा शब्द हसत उच्चारला जातो तेव्हा तुम्ही हसू नका. जोतीराव हसले नव्हते.

नर्सबाई आमच्या गावातून बदली होऊन गेल्या, त्याला कितीतरी वर्षं झाली. त्यांना शोधायचा मी प्रयत्न केला, सापडल्या नाहीत. आईला मात्र मागच्या संक्रांतीत मी विचारलं, ‘तेव्हा तू मला त्यांच्याकडे जायचं नाही का म्हणालीस गं?’ आई बराच वेळ तीळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘त्यांच्याकडे गेलीस तर लोक तुलाही म्हणतील, याची भीती वाटली.’ आणि थोड्या वेळानं, ‘दर संक्रांतीला त्या ओट्यावर उभ्या राहायच्या, मी कधी बोलावलं नाही.’

तुमच्याही आळीत अशी एकजण आहे. नवऱ्याला सोडून आलेली, विधवा, रात्रपाळी करणारी, कुणाबरोबर तरी लग्नाशिवाय राहणारी, तमाशात नाचलेली, धंदा करणारी. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. या संक्रांतीला आई आणि मी ठरवलं आहे. आळीतल्या तशा चौघींच्या घरी आम्ही दोघी आमंत्रण द्यायला जाणार आहोत, आणि वाण लुटायला सुरुवात त्यांच्यापासून करणार आहोत. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी येऊ नये. तुमच्या आळीतली ती तुम्हाला माहीत आहे. तिचं दार वाजवा.